एटीव्ही निवडताना होणाऱ्या या चुका टाळा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून मुरबाड, शहापूर, कर्जतकडे थोडी शेतजमीन राखणाऱ्या माणसाला एटीव्ही, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी, हँडलची चारचाकी गाडी घ्यावीशी वाटली, की त्याचा पहिला प्रश्न बहुधा 'किती सीसीची घेऊ?' असा असतो. खरे तर तो 'चालवणार कुठे?' असा असायला हवा. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, कर्नाळा हे अभयारण्य आहे, आणि अशा संरक्षित वनात परवानगीवाचून वाहन घेऊन शिरणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिवाय आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्हींची रस्त्यावर चालवण्यासाठी आरटीओत नोंदणी होत नाही. म्हणजे गाडी टेम्पोत घालून स्वतःच्या किंवा मालकाची संमती असलेल्या खासगी जमिनीवर न्यावी लागते. चार चाकांना जोर देणारी मोठी एटीव्ही तीनशे किलोंच्या पुढे जाते. ती फळीवरून टेम्पोत चढवणार कोण, याचाही विचार खरेदीपूर्वीच झालेला बरा.

दुसरी चूक स्वस्ताईची. ११०-१२५ सीसीच्या साखळीवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत मागची दोन्ही चाके एकाच अखंड एक्सलवर बसवलेली असतात. वळताना आतल्या व बाहेरच्या चाकाला वेगवेगळे अंतर कापायचे असूनही ती सारख्याच गतीने फिरतात, त्यामुळे हँडल वळवले तरी गाडी सरळच जाऊ पाहते आणि शरीराचा भार सरकवून तिला वळवावे लागते. सपाट माळावर याने फारसे बिघडत नाही, पण भाताच्या बांधावर किंवा उतारावर बिघडते. म्हणूनच एका स्वाराच्या गाडीवर मागे कोणाला बसवू नये: मागचा माणूस चालकाला हलू देत नाही आणि वजन मागे गेल्याने चढावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो.

कोकणपट्टीतल्या पावसाळी चिखलात खरी परीक्षा होते ती सीव्हीटी पट्ट्याची, म्हणजे अनेक एटीव्हींत इंजिनचा जोर चाकांकडे नेणाऱ्या रबरी पट्ट्याची. पहिल्याच पावसात ओढा ओलांडताना मी या पट्ट्याच्या आवरणात हवा घेणाऱ्या नळीची उंची पाहिली नव्हती. पलीकडे पोहोचल्यावर इंजिन गरजत होते आणि गाडी जागची हलत नव्हती. पट्टा ओला होऊन घसरत असल्याची ही खूण आहे. अशा वेळी एक्सिलरेटर पिळत राहिल्यास पट्टा जळतो. पट्ट्याच्या आवरणाच्या तळाचे बूच काढून पाणी सोडावे, मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून थोडी रेस द्यावी, म्हणजे पट्टा सुकतो. कोरड्या दिवसात जळक्या रबराचा वास येत असेल, तर चढावर किंवा ओझे ओढताना 'लो' (कमी वेगाचा, जास्त जोराचा) गिअर वापरायचा राहतो आहे, असे समजावे. 'लो' गिअरच नसलेली गाडी डोंगराळ जागेसाठी मी तरी घेणार नाही.

टायरमध्ये पेट्रोल पंपावर मोटारीइतकी हवा भरणे ही चूक जवळजवळ सगळेच करतात. एटीव्हीच्या रुंद टायरला अनेकदा पाच-सात पीएसआय पुरते. तीस भरल्यास टायर चेंडूसारखा उसळतो, पकड जाते आणि तो फुटण्याचाही धोका असतो. नेमका आकडा गाडीवर चिकटवलेल्या सूचनापट्टीवर पाहावा व कमी दाब मोजणारा गेज जवळ ठेवावा, कारण मोटारींचा गेज इतक्या खाली भरवशाचा नसतो.

जुनी गाडी घेताना चकाकीवर जाऊ नये. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करून पाहावे, कारण विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेले इंजिन दोष लपवते. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. एकेक चाक उचलून वर-खाली आणि आडवे हलवावे. ढिलाई जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेला असतो. एक्सलच्या टोकाचे रबरी बूट (जॉइंटवरची आवरणे) फाटलेले असतील, तर आतल्या जॉइंटमध्ये चिखल पोहोचला आहे, असे धरून किंमत ठरवावी. एअर फिल्टर उघडून पाहण्यास विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर गाडी धुळीत कशी वापरली गेली, ते वेगळे विचारावे लागत नाही.

शेवटी सुट्या भागांचे. पैसे देण्याआधी पट्टा, ब्रेक पॅड आणि एअर फिल्टर यांच्या किमती व ते मिळायला लागणारे दिवस लेखी मागावेत. 'मागवून देऊ' एवढेच उत्तर मिळाले, तर ती गाडी सोडून द्यावी.