गोव्याचा उन्हाळी हवामान अंदाज वाचताना या चुका टाळा

मार्च लागला की घराघरांत एकच प्रश्न असतो, आज किती? कुणी ३३ म्हणतं, कुणी ३५, आणि त्या आकड्यावर दिवस बेतला जातो. हवामान खात्याच्या अंदाजात वाऱ्याचाही उल्लेख असतो. तो कुणी वाचत नाही, आणि गोव्यातली पहिली चूक तीच. इथला उकाडा, सत्तरी तालुक्यातल्या वणव्याचा धूर आणि एप्रिल-मेमधला गडगडाट, तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी वारा कुठून येतो यावर ठरतात.

खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत पाठ केलेले असतात. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे आत शिरतात आणि पणजी-वास्कोचा पारा आवरतात. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटावरून येणाऱ्या कोरड्या पूर्वेच्या वाऱ्यांचा जोर असला की खाऱ्या वाऱ्यांना पोचायला उशीर होतो आणि तेवढ्या वेळात पारा झपाट्याने चढतो. म्हणून ‘अजून मे कुठे आलाय’ हा हिशेब इथे चालत नाही. मार्च २०२३ मध्ये कडक उन्हामुळे शाळा दुपारपूर्वी सोडाव्या लागल्या होत्या. त्याच आठवड्यात म्हादई अभयारण्यात वणवे पेटले होते आणि नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादल्या लटकवून पाणी ओतत होती. हा निव्वळ योगायोग नव्हता. जो कोरडा वारा पारा चढवतो, तोच रानातला पातेरा, म्हणजे पालापाचोळा, कडकडीत वाळवतो.

दुसरी चूक म्हणजे ‘उष्णतेची लाट’ जाहीर होण्याची वाट बघत बसणं. किनारी भागात लाट म्हणायची तर कमाल तापमान निदान ३७ अंश हवं, ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी जास्त हवं, आणि हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तसं असायला हवं. आपला उपविभाग ‘कोकण आणि गोवा’. म्हणजे तुमच्या वाड्यावर जीव कासावीस होत असला तरी कागदावर लाट नसू शकते. शिवाय वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, सावलीतल्या झडपांच्या पेटीत असतो. पत्र्याच्या छपराखालचं गॅरेज किंवा लग्नाचा मंडप त्याहून कितीतरी जास्त तापतो.

मेमध्ये उलटी फसगत होते. पारा ३२-३३ वरच असतो, म्हणून मार्चपेक्षा बरं, असं वाटतं. पण ३२ अंशांना आर्द्रता ७० टक्के असली की अंगाला ते ४१ अंशांसारखं जाणवतं, कारण घाम वाळतच नाही. अंदाजात आर्द्रता बघा आणि रात्रीचं किमान तापमानही बघा. रात्र थंडावली नाही तर म्हाताऱ्या माणसांच्या शरीराला सावरायला उसंत मिळत नाही. आणि हुर्राकाबद्दल, म्हणजे काजूच्या बोंडूंच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूबद्दल, बोलायलाच हवं. लिम्का आणि मीठ घातलेला ग्लास दुपारी कितीही थंड लागला तरी दारू अंगातलं पाणी लघवीवाटे बाहेर काढते. बागायतीत उन्हातान्हात बोंडू गोळा करून आलेल्याला आधी पाणी किंवा ओआरएस द्या.

उन्हाने कुणी बरळायला लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तापाची गोळी देऊ नका. उष्माघातात ती काम करत नाही. माणसाला सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

धुराच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ अ‍ॅपमुळे होतो. घसा खवखवतोय, खोकला थांबत नाही आणि फोन म्हणतो हवा ‘समाधानकारक’. असं होतं, कारण आपल्याकडचा हवेचा निर्देशांक सूक्ष्म धूलिकणांसाठी चोवीस तासांची सरासरी धरतो. रात्री आलेला धूर त्यात विरून जातो. त्यातून केंद्र तुमच्यापासून दूर असेल तर तो आकडा तुमच्या गावचा नव्हेच. त्या तासाचं पीएम २.५, म्हणजे या सूक्ष्म कणांचं प्रमाण, दिसत असेल तर ते बघा, नाहीतर डोळे वापरा. रोज स्पष्ट दिसणारा समोरचा डोंगर आज दिसतो का? धुकं असेल तर गाडीची काच ओली होते आणि ऊन चढल्यावर ते उठतं. धूर असेल तर काच कोरडी राहते, सूर्य तांबूस दिसतो, आणि दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यावर बोट लावताच मोडणारी राखेची काळी पापडी सापडते.

वणवा लागलेल्या भागात पहाटे फिरायला जाणं ही खास आपल्याकडची चूक. दिवसा खारे वारे धूर घाटाकडे ढकलतात. रात्री मतलई वारे तोच धूर वाळपई, डिचोलीकडे खाली आणतात आणि गार हवेमुळे तो खोलगट भागात पहाटेपर्यंत साचून राहतो. त्यामुळे खिडक्या दुपारनंतर, खारा वारा सुटल्यावर उघडाव्यात आणि रात्री लावाव्यात. आता रात्री खिडक्या लावून उकाड्यात झोपायचं कसं, ही खरी पंचाईत. माझ्या मते धूर नुसता वासापुरता असेल आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला आधी गारवा द्यावा. धूर डोळ्यांना झोंबत असेल, किंवा घरात दम्याचा पेशंट असेल, तर एकच खोली बंद करून सगळ्यांनी तिथे झोपावं आणि एसी असल्यास बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद ठेवावी. ओला रुमाल सूक्ष्म कण अडवत नाही. त्यासाठी एन-९५ मास्क लागतो, तोही गालाला घट्ट बसलेला.

उपग्रहाच्या नकाशावरचे आगीचे लाल ठिपके बघून घाबरू नका आणि ठिपका नाही म्हणून निश्चिंतही होऊ नका. उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातात. मधल्या वेळेतली छोटी आग त्यांना दिसत नाही. धूर दिसला तर १०१ किंवा ११२ ला कळवा.

एप्रिल सरता सरता वारं फिरतं, समुद्राकडची ओल घाटाला भिडते आणि दुपारनंतर सत्तरी, धारबांदोडा, सांगेवर ढग उभे राहतात. इथे लोक अंदाजाला नाहक शिव्या घालतात. ‘तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस’ याचा अर्थ उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त, ५० टक्क्यांपर्यंत. घाटाजवळच्या मोलेला झोडपून म्हापशाला थेंब नाही पडला, तर अंदाज चुकला नाही, तो बरोबर आला. पिवळ्या इशाऱ्याचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. संध्याकाळी लग्न असेल तर सकाळच्या अंदाजावर विसंबून राहू नका. तीन तासांपुरती जी ताजी सूचना निघते ती दुपारी पुन्हा बघा.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जरूर ठेवा. पण ते गेल्या काही मिनिटांत पडलेल्या विजा दाखवतं. पुढची कुठे पडेल, हे त्या ठिपक्यांवरून कळत नाही. सोपी पद्धत अशी की वीज चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद टपाच्या गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पाऊस थांबला म्हणून लगेच माडावर चढणारा पाडेली आणि स्कूटरला किक मारून निघणारा, दोघंही याच अर्ध्या तासात सापडतात. काजूच्या झाडाखालचा आडोसा, पत्र्याची मोकळी शेड, रबरी चपला, यातलं काहीही वाचवत नाही.

घरातही घाई अंगाशी येते. वीज कडाडायला लागल्यावर प्लग उपटायला धावू नका. ढग भरून येतानाच टीव्ही, फ्रीज, इन्व्हर्टर सोडवा. राउटरचा नुसता प्लग काढून भागत नाही, त्यात येणारी तांब्याची वायर किंवा टीव्हीला येणारी डिशची केबलही काढावी लागते. नेमकी तीच राहते आणि उपकरण जळतं.