नेपाळच्या पालिकेत अभ्यासदौरा: आधी आपल्या ग्रामपंचायतीचं दप्तर, मग सोनौलीची सीमा

लोकप्रशासनाचा परदेश अभ्यासदौरा म्हटला की सिंगापूर-दुबईची माहितीपत्रकं पुढे येतात. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या महाविद्यालयाला ते परवडत नाही. परवडलं तरी चकचकीत इमारत, दोन तासांचं सादरीकरण आणि गटाचा फोटो यापलीकडे हाती काही लागत नाही. आपल्या मुलांनी ग्रामपंचायत जवळून पाहिलेली असते. मग परक्या देशातही त्यांना गावपातळीचं सरकारच दाखवावं. त्यासाठी नेपाळसारखी जागा नाही. व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत असतात, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, हिंदी चालते आणि 2015 च्या संविधानाने तिथल्या गावपातळीला दिलेले अधिकार पंचायतींना घटनेत स्थान देणाऱ्या आपल्या 73 व्या घटनादुरुस्तीपेक्षा बरेच पुढचे आहेत. खालची आखणी 12 ते 15 विद्यार्थी, दोन शिक्षक (त्यांतली एक बाई असावीच) आणि प्रवास धरून आठ-नऊ दिवसांसाठी आहे.

निघण्याआधीचे तीन महिने

दौरा फसतो तो बहुतेक वेळा गावातच. नेपाळमधला अधिकारी उलट विचारतो, "तुमच्याकडे घरपट्टी कोण ठरवतं?" आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. म्हणून तीन-तीन जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एकच धागा द्या: घरपट्टी, जन्म-मृत्यू नोंद, नळयोजना, गावातले तंटे, जंगल. 'स्थानिक शासनाचा तुलनात्मक अभ्यास' असा ऐसपैस विषय कोणालाही देऊ नका. त्यातून पाठ्यपुस्तकातलीच वाक्यं परत येतात.

घरपट्टीच्या गटाने आपल्या ग्रामपंचायतीत नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही आणि नमुना 9 म्हणजे मागणी नोंदवही समोर ठेवून बसावं. एका घराची आकारणी कशी झाली, मागणी किती, वसुली किती, थकबाकी कधीपासूनची, हे त्या एका ओळीवर बोट ठेवून समजून घ्यावं. नाव लिहून आणू नये, आकडे पुरेत. तंट्यांच्या गटाने 2007 साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेची समिती आज कागदावर आहे की बैठकाही होतात, ते पाहावं. जंगलाचा गट गडचिरोलीचा असेल तर तिथलं मेंढा (लेखा) हे गाव त्याला नवीन नसेल. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये तिथे जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, ती कागदपत्रं गटाने वाचलेली असावीत.

एक मेची ग्रामसभा सगळ्या गटांनी पूर्ण वेळ बसून पाहावी. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी जे कमी असेल ते. ती झाली की नाही, तहकूब करून पुन्हा घेतली का, बाया किती आणि बोलल्या किती, हे टिपून ठेवा. महिनाभरात नेपाळमध्ये हेच मोजायचं आहे.

कधी जायचं

मे चा दुसरा पंधरवडा ते जूनचा पहिला आठवडा. नेपाळचं आर्थिक वर्ष श्रावणाच्या पहिल्या तारखेला, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्याला सुरू होतं. पालिकेला आपला अर्थसंकल्प असारच्या 10 तारखेपर्यंत, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात, सभेपुढे ठेवावा लागतो. त्याआधीच्या वैशाख-जेठात टोलाटोलांत, म्हणजे वस्तीवस्तीत, योजना निवडायच्या बैठका होतात. पाहण्यासारखं काही असेल तर तेच. असारात गेलात तर सगळे अर्थसंकल्पात गुंतलेले असतात, तुमच्याशी बोलायला कोणाला सवड नसते. दशैं-तिहारच्या दिवसांत, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमारास, कार्यालयं बंदच असतात. तराईतलं ऊन कडक असतं, पण चंद्रपूरच्या पोरांना त्याचं काय कौतुक!

तिथल्या स्थानिक निवडणुका 2017 आणि 2022 मध्ये झाल्या, मुदत पाच वर्षांची आहे. त्यामुळे 2027 च्या निवडणुकीच्या काळात दौरा आखू नका. सप्टेंबर 2025 च्या आंदोलनात अनेक सरकारी इमारती जळाल्या. तेव्हा कार्यालय आता कुठे भरतं, हे आधी फोनवर विचारून घ्या.

कागद, पैसा, वाट

ओळखीचा पुरावा म्हणून पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र घ्या. इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. आधार कार्ड 15 ते 65 वयाच्या माणसाला नेपाळच्या विमानप्रवासासाठी चालत नाही, रस्त्याने जातानाही त्यावर विसंबू नये. प्रथम-द्वितीय वर्षाच्या निम्म्या मुलांकडे मतदार ओळखपत्र नसतं, आणि ते निघायच्या आठवड्यात लक्षात येतं. मतदार नोंदणीचा नमुना 6 चा अर्ज तीन महिने आधी भरून घ्या. मूळ कार्ड टपालाने येतं, त्यालाही वेळ लागतो.

गाडी राप्तीसागर एक्स्प्रेस, नागपूरहून थेट गोरखपूर. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या दिवशीच काढा. मे महिन्यात उत्तर प्रदेशाकडे जाणाऱ्या गाडीत नंतर जागा मिळत नाही. गोरखपूरहून बसने सोनौली, पायी सीमा ओलांडली की बेलहिया, पुढे भैरहवा आणि बुटवल. रूपन्देही जिल्ह्याचा हा पट्टा मुक्कामाला सोयीचा आहे. लुंबिनीही याच जिल्ह्यात आहे. विदर्भातून तिकडे जाणारे बरेच असतात, त्यामुळे वाट विचारायला गावातच कोणीतरी सापडतं. आपल्याकडची गाडी घेऊन गेलात तर सीमेवर भन्सार, म्हणजे तिथल्या जकातीचा परवाना, काढावा लागतो. त्यात अर्धा दिवस जाऊ शकतो.

100 भारतीय रुपये म्हणजे 160 नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. 100 च्या नोटा न्या. 500 च्या नोटांचे नियम बदलत राहतात, नाक्यावर वाद नको. भारतीय सिम रोमिंगशिवाय चालत नाही. घड्याळ 15 मिनिटं पुढे करा. सुट्टी शनिवारी असते, म्हणून शनिवार प्रवासात घालवा.

परवानगीचं पत्र

पत्र पालिकेच्या 'प्रमुख प्रशासकीय अधिकृत' या अधिकाऱ्याच्या नावे, प्राचार्यांच्या सहीने, दोन महिने आधी पाठवा. प्रत अध्यक्षांना (नगरपालिका असेल तर प्रमुखांना) द्या. पत्र एका पानाचं असावं: कोण, किती जण, कोणते दिवस, कोणत्या वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालयात बसायचं आहे, काय पाहायचं आहे. 'मार्गदर्शन व्हावे ही नम्र विनंती' एवढंच लिहिलंत तर सत्कार आणि भाषण मिळेल. आपल्याकडच्या शाल-श्रीफळासारखा तिकडे खादा, म्हणजे मानाचं उपरणं, घालतात, आणि त्यात सकाळ जाते. सत्कार हवाच असेल तर शेवटच्या दिवशी ठेवा, असं पत्रातच कळवा.

काय कशाशी ताडून पाहायचं

इथे नीट लक्ष द्या, कारण सारख्या नावांनी फसगत होते. नेपाळमध्ये 753 स्थानिक सरकारं आहेत: 6 महानगरपालिका, 11 उपमहानगरपालिका, 276 नगरपालिका आणि 460 गाउँपालिका. महाराष्ट्रात नुसत्या ग्रामपंचायतीच सुमारे 28 हजार. म्हणजे गाउँपालिका आपल्या ग्रामपंचायतीएवढी नसते. 2017 मध्ये जुन्या गाव विकास समित्या एकत्र करून ती बनली. आकाराने ती पंचायत समितीच्या जवळची वाटते, अधिकाराने मात्र जिल्हा परिषदेच्याही पुढे जाते. ती स्वतःचे कायदे करते, बारावीपर्यंतच्या शाळा तिच्याकडे आहेत, मालमत्ता कर आणि भूमिकर ती गोळा करते.

तिथली गाउँसभा म्हणजे आपली ग्रामसभा नव्हे. त्या सभेत फक्त निवडून आलेले लोक बसतात. सामान्य माणूस जिथे तोंड उघडतो ती टोलाची बैठक, तिला आपल्या ग्रामसभेशी ताडा.

आपला वॉर्ड म्हणजे नुसता मतदारसंघ. तिथे 6,743 वड्यांपैकी प्रत्येकाला स्वतःचा निवडून आलेला अध्यक्ष, चार सदस्य, सचिव आणि कार्यालय आहे. चार सदस्यांत दोन स्त्रिया, आणि त्यातली एक दलित, हे कायद्यानेच ठरलेलं आहे. ग्रामपंचायत कार्यालयाची तुलना करायची ती या वडा कार्यालयाशी.

तंट्यांच्या गटासाठी पालिकेची न्यायिक समिती आहे. पालिकेचे उपाध्यक्ष तिचे संयोजक असतात, एकूण तीन जण. 13 प्रकारच्या वादांत ती निर्णय देते आणि त्याविरुद्ध 35 दिवसांत जिल्हा न्यायालयात जाता येतं. आपल्या तंटामुक्त समितीला निर्णय देण्याचा असा कायदेशीर अधिकार नाही. मात्र सुनावणीत बसण्याआधी दोन्ही पक्षांची संमती घ्या आणि फोन बाहेर ठेवा.

जंगलाच्या गटाने सामुदायिक वन उपभोक्ता समूह पाहावा. 1993 च्या वन कायद्यापासून हे समूह बनत आले. जमीन सरकारची राहते, सांभाळ आणि उत्पन्न समूहाचं, आणि त्यातला किमान 25 टक्के वाटा जंगलावरच खर्च करावा लागतो. तो हिशेब वहीत दाखवा म्हणावं.

बाकावर बसायचं

वडा कार्यालय दहाला उघडतं. तिघांनी त्याच वेळी जाऊन बाकावर बसावं आणि दोन तास एकही प्रश्न विचारू नये. वहीत पाच रकाने आखा: माणूस आत आला ती वेळ, काम कोणतं, किती टेबलं फिरला, काम झालं की परत पाठवला, बाहेर पडला ती वेळ. नाव-गाव नको. बहुतेक जण कसल्या ना कसल्या सिफारिसीसाठी, म्हणजे शिफारसपत्रासाठी, आलेले दिसतील. भिंतीवर 'नागरिक वडापत्र' नावाचा मोठा फलक असतो: कोणतं काम, कोणते कागद, किती शुल्क, किती वेळ. तो पूर्ण उतरवून घ्या. मग वहीतल्या वेळा फलकावरच्या वेळांशी लावून पाहा. हेच काम आपल्या ग्रामपंचायतीत, 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याच्या फलकासमोर, जाण्याआधी केलेलं असलं तर तुलना आपसूक उभी राहते. आपल्याकडे फलक नसेल तर तेही लिहा.

प्रश्न दुपारी विचारा. हिंदी बोलताना 'आप'च म्हणा. नागपुरी हिंदीतलं 'तू' आणि 'तुम' आपल्याला जिव्हाळ्याचं वाटतं, तिकडे ते उर्मट वाटतं. 'नेपाळ म्हणजे आपलंच' हे वाक्य पाहुण्याच्या तोंडी फार खटकतं. नागरिकत्व, सीमावाद आणि पहाडी-मधेसी (डोंगराळ भागातले विरुद्ध तराईतले) राजकारण हे विषय कार्यालयात काढू नका. 'इथे काम कसं चालतं?' विचाराल तर 'राम्रो छ', छान आहे, एवढंच ऐकाल. त्यापेक्षा 'मागच्या वर्षी टोलाने सुचवलेल्या कामांतलं कोणतं राहिलं, आणि कुठल्या टप्प्यावर?' असं विचारा.

रोज संध्याकाळी एक तास वह्या जुळवा. ज्या आकड्यावर गटात एकमत नाही त्यापुढे फुली मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारून घ्या. ही फुली गावी परतल्यावर मिटत नाही. अहवाल प्रत्येक गटाने चार पानांचा लिहावा, दोन रकान्यांत, डावीकडे आपलं गाव, उजवीकडे तिथला वडा. त्याची प्रत हिंदीत किंवा इंग्रजीत महिन्याभरात पालिकेला पाठवा. पुढच्या वर्षीच्या तुकडीला दार त्यानेच उघडतं. गावातली प्रत 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे ठेवायची असेल तर विषयपत्रिका निघण्याआधी सरपंचांकडे अर्ज द्या.