गट पाडा, पण मुरू देऊ नका

पहिली-दुसरीचा वर्ग गट पाडल्याशिवाय हलत नाही, हे मी बाई म्हणून सांगते. पण लाल-निळ्या फिती बांधल्या की मधल्या सुट्टीपर्यंत "आमचे लाल भारी" सुरू होतं. मानसशास्त्रज्ञ यारो डनहम आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पाच वर्षांच्या मुलांवर हेच पाहिलं. कोण कुठल्या गटात हे निव्वळ योगायोगाने ठरवलेलं, स्पर्धा नव्हती, तरी मुलांनी वाटपात आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्यांबद्दलचं चांगलं तेवढं नेमकं लक्षातही ठेवलं.

म्हणून गट चिठ्ठ्या टाकून पाडा आणि दर सोमवारी मोडा. वर्षभराची "हाऊस" मला पटत नाहीत, क्रीडामहोत्सवापुरती ठीक.

सगळ्यात महत्त्वाचं, रंग आपल्या तोंडी आणू नका. "निळे रांगेत या", "पिवळ्यांनो, गप्प बसा" हे बंद. मानसशास्त्रज्ञ रिबेका बिगलर यांनी अमेरिकेतल्या एका उन्हाळी शाळेत मुलांना निळे-पिवळे शर्ट दिले होते. जिथे शिक्षक रांगा, भिंतीवरचे फलक, बाकं रंगावरून ठरवत, तिथे आपल्या रंगाचा पक्षपात वाढला. शर्ट तेच, पण शिक्षक रंगाकडे बघतच नव्हते, तिथे तसं झालं नाही.

मूल तक्रार घेऊन आलं की नाव विचारा.

"बाई, निळे खडू पळवतात."
"निळ्यातलं कोण?"
जरा थांबून, "ओजस."
"मग ओजसकडे माग."

भांडण जुंपलंच तर दोन्ही गटांना शेजारी बसवून खिचडी वाढू नका. मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या शिबिरात भांडलेल्या दोन गटांना एकत्र जेवायला बसवलं, तर पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं. पाणीपुरवठा बंद पडला, अडलेला ट्रक दोरीने ओढावा लागला, अशा सगळ्यांच्या अडचणी आल्या तेव्हा कुठे भांडण निवळलं. वर्गात ट्रक कुठून आणणार? मी लांब सतरंजी उन्हात टाकायला देते. एका टोकाला चार, दुसऱ्याला चार, मधे दोन. एका गटाला ती उचलत नाही, आणि झटकताना सगळ्यांनी एकदमच झटकावी लागते.

घरून येणारं मात्र वेगळं. "त्याच्या डब्यातलं खाऊ नको" हे पोर घरी ऐकतं आणि शाळेत तसंच बोलतं. तिथे चिठ्ठ्या कामाच्या नाहीत. मी पालकसभेत कुणाचं नाव न घेता, पण सगळ्यांदेखत हा विषय काढते, तोही चहाच्या आधी. चहानंतर निम्मे पालक निघून जातात.