फोटो झाकला, खात्यावर शिक्का बसला: साईटकडे दाद कशी मागायची

मी कोल्हापुरात लग्नाचे फोटो काढतो आणि हंगाम नसला की तालमीत असतो. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी इथल्या पैलवानांचे माझे फोटो बरीच वर्षं एका मोठ्या फोटो साईटवर आहेत. मध्यंतरी तिथल्या यंत्रणेने त्यातले अनेक फोटो ‘प्रौढांसाठी’ ठरवले आणि पाठोपाठ अख्ख्या खात्यावरच तो शिक्का मारला. ज्या पोरांनी पहाटे चारला उठून जोर-बैठका मारल्या, त्यांची मेहनत अश्लील म्हणून झाकली गेली याचा मला फार राग आला. पण रागाचं पत्र तिथे कोणी वाचत नाही. काय केल्याने निकाल फिरतो, ते सांगतो.

सगळ्यात आधी नेमकं काय झालंय ते ओळखा. फोटो काढून टाकणं, फोटो वयाच्या पडद्यामागे ढकलणं, खातं शोधात दिसेनासं करणं आणि खातं बंद करणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चौघींच्या वाटा वेगळ्या. यातली तिसरी सर्वांत फसवी, कारण तुम्हाला स्वतःला सगळं जागच्या जागी दिसत असतं. म्हणून लॉगिन न करता, दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःचं पान उघडून बघा आणि जे दिसेल त्याचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. इन्स्टाग्रामवर असाल तर सेटिंगमध्ये ‘अकाउंट स्टेटस’ आहे. काय काढलं आणि कशावर फेरतपासणी मागता येते, ते तिथे कळतं. व्यावसायिक खातं असेल तर तुमच्या पोस्ट अनोळखी लोकांना सुचवल्या जाऊ शकतात की नाही, हेही तिथेच दिसतं.

एक पथ्य पाळा. वादातला फोटो स्वतः डिलीट करू नका. फोटोच नाही तर तपासणार काय? तोच फोटो पुन्हा अपलोड करू नका, दुसरं उल्लंघन म्हणून मोजलं जातं. आणि खातं बंद झालं म्हणून घाईने नवं खातं काढू नका, बहुतेक साईटच्या नियमात ते बंदी चुकवणं ठरतं.

आता त्यांचा नियम उघडा, पूर्ण वाचा. नोटिशीत एका ओळीचं कारण असतं, पण मूळ नियमात अपवाद लिहिलेले असतात आणि आपली केस बहुतेकदा त्या अपवादात बसते. माझ्या साईटच्या नियमात दोन गोष्टी होत्या: गुप्तांगं उघडी दिसणं आणि लैंगिक हेतूची मांडणी. माझ्या फोटोंत दोन्ही नाहीत, सगळे पैलवान लंगोटात आहेत. मग यंत्र अडखळलं कुठे? मी झाकलेले आणि न झाकलेले फोटो शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू कालवलेलं असतं. अर्धा तास लढत झाली की ती माती अंगाला बसते आणि लंगोटालाही. मग कातडी आणि कापड एकाच तांबूस रंगाचे होतात, लंगोटाची कड दिसतच नाही. कोरड्या अंगाचे, लाल लंगोटातले फोटो तसेच राहिले होते. झाकले गेले ते मातीने माखलेले. हा माझा कयास आहे, पण अर्जात तो कामी आला, कारण तपासणाऱ्या माणसाला नेमकं कुठे बघायचं ते मी सांगू शकलो.

सगळ्या फोटोंसाठी एकदम भांडू नका. आधी सर्वांत निर्विवाद असा एक फोटो निवडा. तो सुटला की पुढच्या अर्जात त्याचा दाखला देता येतो. मी ढाक डावाचा फोटो निवडला. त्यात मागून लंगोटाची गाठ स्पष्ट दिसते. कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली (रॉ) फाइल काढून ठेवली, गाठीचा भाग मोठा करून वेगळा जोडला. पैलवानाची आणि वस्तादांची लेखी संमती मी फोटो काढतानाच घेतो, तिची प्रत तयार ठेवली. पण ती लगेच पाठवली नाही. मागितल्याशिवाय कोणाचं नाव, फोन नंबर, आधार असलं काही पाठवू नका.

अर्ज छोटा ठेवा. मी इंग्रजीत साध्या वाक्यांत लिहिला. मजकूर साधारण असा:

‘या दुव्यावरचा फोटो अमुक तारखेला प्रौढांसाठी म्हणून झाकला गेला. तुमच्या नियमानुसार गुप्तांगं उघडी असतील तर ही वर्गवारी लागते. फोटोतल्या दोन्ही सज्ञान मल्लांनी लंगोट घातला आहे. कापड मातीने माखल्यामुळे त्वचेसारखं दिसतं. गाठ आणि कड सोबतच्या मोठ्या केलेल्या तुकड्यात दिसते. हा कोल्हापुरातल्या तालमीतला कुस्तीचा सराव आहे. फोटो माणसाने तपासावा, वर्गवारी बदलावी आणि बदलणार नसाल तर नियमातलं नेमकं कोणतं वाक्य लागू होतं ते कळवावं.’

शेवटचं वाक्य सोडू नका. नकार आला तरी कारण लेखी मिळतं आणि पुढच्या पायरीवर तेच हवं असतं. ‘मी इतकी वर्षं पैसे भरतोय’, ‘अमक्याच्या खात्यावर याहून वाईट फोटो आहेत’ ही वाक्यं गाळा. पहिल्याचा नियमाशी संबंध नाही आणि दुसऱ्याने फार तर त्या अमक्याचा फोटो जाईल. ‘आमची संस्कृती’ एवढंच लिहूनही भागत नाही. खासबाग मैदान १९१२ चं आहे आणि शाहू महाराजांनी बांधलं, हे मी अभिमानाने कोणालाही सांगेन, पण अर्जात त्याने लंगोटाची कड दिसत नाही.

लहान मुलांबद्दल मात्र माझं मत कडक आहे. तालमीत दहा-बारा वर्षांची पोरं असतात, त्यांचे लंगोटातले फोटो मी सार्वजनिक ठेवत नाही आणि कोणी ठेवूही नयेत. तिथे यंत्र कडक असतं आणि असायलाच हवं. पण त्याची किंमतही माहीत असू द्या. २०२२ मध्ये अमेरिकेतलं एक प्रकरण उजेडात आलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने लहान मुलाच्या दुखण्याचे फोटो डॉक्टरांसाठी काढले. गुगलच्या यंत्रणेने ते पकडून खातं बंद केलं आणि पोलिसांनी गुन्हा नाही असं सांगितल्यावरही खातं परत मिळालं नाही. म्हणून फोटोंची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवाच. खातं उघडतंय तोवरच स्वतःचा सगळा डेटा डाउनलोड करून घ्या.

साईटने नकार दिला की भारतात पुढची पायरी आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. २०२१ च्या आयटी नियमांनुसार अशा साईटला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावाच लागतो. ॲपच्या तळाशी ‘ग्रीव्हन्स ऑफिसर’ शोधा. फोटो काढणं किंवा खातं रोखणं याची तक्रारही त्यांच्याकडे करता येते. नियम आले तेव्हा २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत होती. पुढे नियमांत दुरुस्त्या झाल्या आहेत, तेव्हा केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या साईटवरचा ताजा मजकूर पाहून मुदत लिहा. देशात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या साईटसाठी नियम ४(८) आहे: स्वतःहून मजकूर काढला तर कारण कळवायचं आणि बाजू मांडायची वाजवी संधी द्यायची. अर्जात हा नियम आकड्यासह लिहा.

त्या अधिकाऱ्याचा निकाल पटला नाही तर ‘ग्रीव्हन्स अपीलेट कमिटी’, म्हणजे अपील ऐकणारी सरकारी समिती. अशा तीन समित्या केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या, पोर्टल १ मार्च २०२३ ला सुरू झालं. अपील ऑनलाइन करायचं, अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. समितीनेही ३० दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं नियम म्हणतो. तक्रार क्रमांक, आलेला मेल आणि पहिला अर्ज एकाच फोल्डरमध्ये असतील तर अर्ध्या तासात फॉर्म भरून होतो. नसतील तर मुदत शोधाशोधीतच जाते.

फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी आणखी एक वाट आहे, ओव्हरसाइट बोर्ड: या दोन्हींची मालक कंपनी मेटा हिचे निर्णय तपासणारं स्वतंत्र मंडळ. मेटाने फेरतपासणीनंतरही नकार दिला आणि संदर्भ क्रमांक दिला, की १५ दिवसांत तिथे अपील करता येतं. बोर्ड मोजकीच प्रकरणं घेतं, पण त्यांचे जुने निकाल वाचा. ब्राझीलमधल्या एका बाईने स्तनाच्या कर्करोगाची लक्षणं दाखवणारे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले होते आणि यंत्राने ते नग्नता म्हणून काढले. जानेवारी २०२१ मध्ये बोर्डाने तो निर्णय उलटवला, कारण अशा जागृतीला मेटाच्या नियमातच मोकळीक होती. अपवाद शोधा म्हणतो तो याचसाठी.

युरोपीय संघातल्या देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथला डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट हा ऑनलाइन साईटसाठीचा कायदा आहे, १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू. साईटला कारण लेखी द्यावं लागतं. शिवाय छोट्या कंपन्या सोडल्या तर तक्रारीसाठी किमान सहा महिने द्यावे लागतात आणि तक्रारीचा निकाल केवळ यंत्रावर सोडता येत नाही. माझा आतेभाऊ म्युनिकला असतो, त्याला मी हेच सांगितलं.

कॉपीराइटच्या तक्रारीवरून फोटो गेला असेल तर वरचं काही कामाचं नाही. तिथे प्रति-नोटीस, म्हणजे दावा चुकीचा आहे असं लेखी उत्तर, द्यावी लागते आणि समोर दुसरा माणूस दावेदार असतो. वकिलाला विचारून करा.

या काळात ‘तुमचं खातं २४ तासांत बंद होणार, इथे अपील करा’ असे मेसेज येतील. खरी नोटीस ॲपच्या आत असते. पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा आणि पैसे घेऊन खातं सोडवून देतो म्हणणारा, दोघेही चोर.

फोटो मोकळा झाला की तिथेच थांबू नका. लॉगिन न करता पुन्हा बघा. फोटोवरचा शिक्का निघतो, खात्यावरचा राहून जातो. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, सुटलेल्या फोटोंचे दुवे देऊन. पूर्वीचं उल्लंघन नोंदीतून काढलं का, हेही त्याच अर्जात विचारा, कारण नोंद राहिली तर पुढच्या वेळी मोजणी तिथूनच सुरू होते. आणि नवे फोटो टाकताना वर्गवारी स्वतः भरा. मी आता प्रत्येक फोटोखाली डावाचं नाव, तालीम आणि ‘लंगोटातले सज्ञान मल्ल’ एवढं लिहितोच.