पी-२७ ‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी शेजारच्या टी-पेशी बघा

लिम्फ गाठीच्या स्लाइडवर विभाजन होत असलेल्या पेशी रंगवणारं केआय-६७ सगळ्यांना पाठ असतं, टक्का टाकला की काम झालं. पण विभाजन थांबवून बसलेल्या पेशींचं पी-२७ मागवलं की नवशिके गडबडतात. पी-२७ हे प्रथिन म्हणजे पेशीचक्राचा ब्रेक. साध्या सुजलेल्या गाठीत किंवा टॉन्सिलमध्ये जर्मिनल सेंटरला (बी-पेशी भराभर विभागतात तो मधला भाग) केआय-६७ गच्च आणि पी-२७ जवळपास नाहीच; भोवतीच्या मँटल झोनमध्ये, शांत पेशींच्या कड्यात, नेमकं उलटं.

सर्वात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे फक्त ट्यूमर बघायचा. एकदा रेसिडेंट धावत आला, “मॅडम, पी-२७ गेलंय, मँटल सेलच!” म्हणजे मँटल सेल लिम्फोमा, त्या कर्करोगात पी-२७ सहसा दिसत नाही. काखेतली गाठ होती. स्लाइड लावली, तर कॅप्सूललगतची दोनेक मिलिमीटरची कड झकास तपकिरी (पॉझिटिव्ह) आणि आत सगळं निळं (निगेटिव्ह). ट्यूमरचं सोडा, मधल्या चिमुकल्या टी-पेशींचे न्यूक्लियसही निळे! त्या तर विश्रांतीतल्या पेशी, त्यांनी पी-२७ का म्हणून सोडावं? चौकशी केली तेव्हा कळलं, अख्खी गाठ न कापता लहानशा बाटलीत कोंबलेली, ऊतक टिकवणारं फॉर्मलिन जेमतेम गाठ बुडेल एवढं, आणि घाई म्हणून त्याच दिवशी ग्रॉसिंग (गाठ कापून तुकडे निवडणं). आतपर्यंत फॉर्मलिन पोचलंच नव्हतं. नशिबाने अर्धी गाठ शिल्लक होती. तीन मिलिमीटरचे काप करून ताज्या फॉर्मलिनमध्ये रात्रभर ठेवले. नव्या ब्लॉकवर टी-पेशी रंगल्या, ट्यूमरही रंगला. मँटल सेलची खूण असलेलं सायक्लिन डी-१ निगेटिव्ह, सीडी-५ आणि सीडी-२३ पॉझिटिव्ह. म्हणजे स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा, त्यात पी-२७ असतंच. तेव्हापासून मी ट्यूमरकडे सगळ्यात शेवटी बघते.

याची उलट बाजूही आहे. ट्यूमरमध्ये अडकलेल्या टी-पेशी मोजून ‘पी-२७ ३०% पॉझिटिव्ह’ लिहिणारे महाभाग आहेत. शेजारी टी-पेशी रंगवणाऱ्या सीडी-३ची स्लाइड ठेवा, निम्मे टक्के तिथेच गळतात.

तपकिरी सायटोप्लाझम मोजू नका, न्यूक्लियस मोजा.

बीसीएल-२ हा विश्रांतीचा मार्कर नव्हे. तो पेशीला मरू देत नाही, एवढंच. मँटल झोनमध्ये पी-२७ आणि बीसीएल-२ दोन्ही दिसतात म्हणून गल्लत होते.

केआय-६७ कमी आलं म्हणजे गाठ निरुपद्रवी, असंही नाही. फॉलिक्युलर लिम्फोमाला विचारा, केआय-६७ बहुधा कमीच, तरी तो कर्करोगच.

आणि रंगवण्याआधी प्रेशर कुकरमध्ये तापवून काढलेल्या स्लाइड बफरमध्येच वीस मिनिटं गार होऊ द्या. मी तेवढ्यात चहा घेऊन येते. नळाखाली धरून वेळ वाचवणाऱ्यांचे सेक्शन (ऊतकाचे पातळ काप) मी सिंकमध्ये तरंगताना पाहिलेत.