इंग्रजी शब्द खरा आहे की नाही, हे कसे पडताळावे

तालुक्याच्या गावी एखाद्या सेवा केंद्रावर ‘आधार अपडेशन करून मिळेल’ अशी पाटी असते, बारावीचा विद्यार्थी तोच शब्द इंग्रजी अर्जात लिहितो, आणि मग कोणीतरी त्याला सांगतो की असा शब्द इंग्रजीत नाहीच. बरोबर कोण, हे ठरवता येते. मात्र सुरुवात शब्दकोशापासून नव्हे, स्पेलिंगपासून करावी लागते.

आपण इंग्रजी शब्द बहुधा कानाने शिकतो आणि मनात देवनागरीतच ठेवतो. वणी-पांढरकवड्याकडे कापसाच्या हंगामात ‘जिनिंग’ हा शब्द लहान मुलांच्याही तोंडी असतो. पण कोशात तो ‘जे’ या अक्षराखाली शोधला तर सापडत नाही, आणि शोधणारा तो आपल्याकडचाच गावठी शब्द समजून सोडून देतो. वास्तविक तो ‘जी’ने सुरू होतो. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राचे ‘जिन’ हे नाव ‘इंजिन’ या अर्थाच्या जुन्या शब्दाचेच आखूड रूप आहे, आणि अशा यंत्राचे पेटंट एली व्हिटनी यांना अमेरिकेत १७९४ साली मिळाले. म्हणून जी-जे, सी-के, एफ-पीएच ही अक्षरे आलटून पालटून पाहावीत, ‘सायकॉलॉजी’तील ‘पी’सारखे मुके अक्षर आरंभी असू शकते हे लक्षात ठेवावे, आणि प्रत्यय काढून मूळ रूप शोधावे, कारण लहान कोशात प्रत्येक साधित रूपाला स्वतंत्र नोंद नसते.

त्यानंतर ऑक्सफर्ड, केंब्रिज, मेरियम-वेबस्टर, कॉलिन्स यांपैकी किमान दोन कोश पाहावेत. नोंद सापडली एवढ्यावर थांबू नये. नोंदीशेजारची खूण वाचावी, कारण खरी माहिती तिथेच असते. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) ऑक्सफर्डच्या कोशात आहे, पण ‘भारतीय इंग्रजी’ या खुणेसह. तो नागपूरच्या कार्यालयात चालेल, लंडनच्या वाचकाला मात्र अडेल. ‘इररिगार्डलेस’ (‘रिगार्डलेस’, म्हणजे ‘पर्वा न करता’, याच अर्थाचा) मेरियम-वेबस्टरमध्ये आहे, पण प्रमाणेतर म्हणून. याउलट, ट्रॅक्टरवाल्यांच्या तोंडची ‘स्टेपनी’ अडाणी वाटत असली तरी अस्सल ब्रिटिश आहे: वेल्समधील लानेली येथील स्टेपनी स्ट्रीटवरून ते नाव विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाकाला मिळाले, आणि आज ते इंग्लंडपेक्षा आपल्याकडेच जास्त ऐकू येते.

कोशही चुकतात. वेबस्टरच्या मोठ्या कोशाच्या १९३४ सालच्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ म्हणजे घनता, अशी नोंद छापली गेली. कोशासाठी नोंद लिहिलेल्या मूळ चिठ्ठीवर घनतेचा संक्षेप म्हणून ‘मोठा डी किंवा लहान डी’ असे इंग्रजीत लिहिले होते. ते मधल्या ‘ऑर’सकट जोडून वाचले गेले. १९३९ मध्ये एका संपादकाला हे खटकले, कारण नोंदीत व्युत्पत्तीच नव्हती. म्हणून शंका आली की व्युत्पत्ती पाहावी.

कोशात शब्द नसेल तर वापर तपासावा. शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधावा आणि किती निकाल आले यापेक्षा कोण लिहितो आहे ते पाहावे. एकच मजकूर शंभर ठिकाणी उतरवलेला असेल तर तो एकच पुरावा होय. विक्शनरी हा वाचकांनीच लिहिलेला ऑनलाइन कोश साधारणपणे एकमेकांशी संबंध नसलेले, किमान वर्षभराच्या काळात पसरलेले तीन छापील किंवा टिकाऊ दाखले मागतो. हे माप घरीही वापरण्याजोगे आहे. अर्बन डिक्शनरीत कोणीही काहीही भरू शकतो, म्हणून ती पुरावा नव्हे. मोबाईलने शब्दाखाली ओढलेली लाल रेघ तर त्याहून कमी मोलाची.

या कसोटीवर ‘अपडेशन’ पाहिला तर त्याचा वापर प्रामुख्याने भारतातील बँका, कार्यालये आणि परिपत्रके यांत आढळतो. तो अस्तित्वात आहे, पण इथल्यापुरता. शिवाय ‘अपडेट’ हा शब्द क्रियापद आणि नाम असे दोन्ही काम करत असल्याने त्याची गरजही फारशी नाही. पाटी तशीच राहू द्यावी. अर्जात ‘अपडेट’ लिहावे.