नवी काटापट्टी तक्त्यात आपोआप दिसावी म्हणून

हिंगणघाटकडच्या जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की काट्यावरच्या पोराला माउस फिरवायला सवड नसते. जावा स्विंगच्या (जावातली खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) जेटेबलमध्ये, म्हणजे तिच्या तक्त्यात, नवी काटापट्टी (गाडीच्या वजनाची नोंद) पडताच तक्ता प्रोग्रामनेच सरकवावा. गेटसेलरेक्ट या मेथडने त्या ओळीचा चौकोन घ्या आणि स्क्रोलरेक्टटूव्हिजिबल या मेथडला द्या. तक्ता जेस्क्रोलपेनमध्ये (सरकपट्टीच्या चौकटीत) हवाच. ओळ टाकल्या टाकल्या सरकवलं तर तक्ता बऱ्याचदा एक ओळ अलीकडेच थांबतो, कारण मांडणी व्हायची असते. म्हणून हे काम इन्व्होकलेटरमध्ये टाका, म्हणजे ते थोडं मागाहून चालेल.

वजनानुसार क्रम लावला असेल, तर मॉडेलमधला (मूळ माहितीतला) ओळक्रमांक आधी कन्व्हर्टरोइंडेक्सटूव्ह्यूने पडद्यावरच्या क्रमांकात बदलून घ्या. नाहीतर भलत्याच शेतकऱ्याची गाडी समोर येते! फिल्टरने ओळ लपली असेल तर उत्तर उणे १ येतं. तेव्हा सरकवूच नका. वर जाऊन कोणी जुनी पट्टी पाहत असेल, तरीही नको.